माणिककाकांच्या टोचनगाडीचा हेडर

माणिककाका आमच्या माधव नगरच्या घरी आले ते खांद्यावर पोतं टाकून. एक्क्याण्णव सालची दिवाळी नुकतीच होऊन गेली होती. ओसरीवर त्यांनी ते पोतं सोडलं तेव्हा असा दणका झाला की आई पोळी तव्यावर तशीच टाकून बाहेर धावली.

"वहिनी, फरशी शाबूत आहे," काका म्हणाले. "मला ह्याच्याशी काम आहे."

ह्याच्याशी म्हणजे माझ्या वडिलांशी. अण्णा तिथेच खुर्चीत पेपर वाचत बसले होते. रेल्वेच्या लोको शेडमध्ये ते बॉयलर फिटर होते. एकतीस वर्षं त्यांनी वाफेची इंजिनं सांभाळली, आणि ते रिटायर झाले त्याच सुमारास इंजिनंही रिटायर झाली. तेव्हापासून त्यांची हत्यारांची पेटी कॉटखाली सरकवलेली होती. नळाचा वॉशर गेला तरी ते प्लंबरला बोलवायचे. सकाळचा पेपर त्यांना दुपारी जेवणापर्यंत पुरायचा, निविदांच्या जाहिरातींसकट.

काकांनी पोतं उघडलं. आत ट्रकचा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड होता. दोन हात लांब, ओतीव बिडाचा, सहा तोंडांचा. इंजिनच्या सहा सिलेंडरांचा धूर ह्या सहा तोंडांतून आत यायचा आणि एका नळीने सायलेंसरकडे जायचा. मधोमध त्याला बोटभर रुंद चीर पडली होती. चिरेच्या दोन्ही बाजूंना जुन्या वेल्डिंगचे डाग होते.

"तीनदा जोडला, तीनदा तडकला," काका म्हणाले. "कबाड्याकडे दुसरा मिळत नाही. तू लोखंडाचा माणूस आहेस अण्णा, काही तरी सांग."

अण्णांनी चष्म्यावरून एकदा पाहिलं. "माझं काम वाफेचं होतं माणिक. डिझेलमधलं मला मालूम नाही." आणि पुन्हा पेपर वर केला.

काका आणि अण्णा एका शाळेतले. काकांचे खापरपणजोबा शिंदे सरकारच्या पागेत होते, त्यामुळे काका स्वतःला अजून पागेवाले म्हणवून घ्यायचे. घोडे कधीच गेले होते. काकांकडे आगर रोडवर एक वाडगं, म्हणजे कुंपण घातलेली मोकळी जागा, आणि त्यात एक टोचनगाडी होती. रस्त्यात बंद पडलेल्या, खड्ड्यात गेलेल्या ट्रकांना ओढून काढायची गाडी. जबलपूरच्या लिलावात घेतलेला लष्कराचा जुना ट्रक, मागे लोखंडी दोराचा विंच. त्या रस्त्यावर सगळे त्याला हत्ती म्हणायचे.

काका मॅनिफोल्ड पुन्हा पोत्यात घालायला लागले. त्यांचा चेहरा मला बघवेना.

"काका, मी बघू?" मी म्हटलं.

काकांनी माझ्याकडे पाहिलं, मग अण्णांकडे. पेपर हलला नाही.

मी मेकॅनिकलचा डिप्लोमा करून दीड वर्ष झालं होतं. वर्गात मी एकटीच मुलगी होते. कारखान्यांना अर्ज केले, तर दोन ठिकाणांहून मुलींसाठी सोय नाही असं उत्तर आलं आणि तिसरीकडून काहीच आलं नाही. मी टावर चौकाजवळ एका नकाशांच्या दुकानात इंजिनिअर लोकांची ड्रॉइंगं ट्रेस करायचे. दिवसभर कॉपीच्या मशीनचा अमोनियाचा वास आणि दुसऱ्यांनी काढलेल्या रेघा. आई माझ्यासाठी स्थळं बघत होती, आणि पत्रिकेबरोबरच्या माहितीत माझं शिक्षण नुसतं 'डिप्लोमा' असं लिहायची, कशातला ते गाळून.

"बघ बाई," काका म्हणाले. "नाही तरी माझ्या बसचं नाही राहिलं हे."

दुसऱ्या दिवशी मी सायकलवरून आगर रोडला गेले. हत्ती निंबाखाली उभा होता, बॉनेट उघडं. त्याचा ड्रायव्हर विष्णूदादा चाकाशी बसून विडी ओढत होता. पन्नाशीचा, बारीक अंगाचा माणूस. मला बघून त्याने विडी विझवली. वाडग्याच्या दुसऱ्या टोकाला बशीरभाईंचं वेल्डिंगचं छप्पर होतं.

त्या इंजिनची गोष्ट वेगळी होती. साधं इंजिन आपल्यापुरती हवा आपण ओढून घेतं. ह्याला बाजूला सुपरचार्जर होता. इंजिनच्याच गिअरवर फिरणारा, दोन जाड रोटरांचा पंप, तो हवा दाबून सिलेंडरांमध्ये कोंबायचा. जास्त हवा म्हणून जास्त डिझेल, म्हणून जास्त ताकद. आणि जे कोंबून आत घातलं ते सगळं, पेटून लाल झालेलं, त्या एका बिडाच्या मॅनिफोल्डमधून बाहेर पडायचं. तो तडकणार नाही तर काय होणार.

काकांनी दोन वाटा शोधून ठेवल्या होत्या. एक म्हणजे दुसऱ्या कुठल्या तरी सहा सिलेंडरी ट्रकचा मॅनिफोल्ड घासूनपुसून बसवायचा. मी मापं घेतली. त्याची भोकं लहान होती आणि सहापैकी दोनच जागेवर येत होती. दुसरी वाट, देवासच्या एका फाउंड्रीतून नवीन ओतून घ्यायचा. पण आधी लाकडी साचा, मग ओतकाम, मग मशीनवर घासणं. फाउंड्रीवाल्यांनी चार-पाच महिने सांगितले होते. एप्रिलमध्ये सिंहस्थ भरणार होता. मेळ्याचा महिनाभर शहराकडे येणारे रस्ते मोकळे ठेवायला ज्या गाड्या तयार ठेवायच्या होत्या, त्यांत हत्तीचं नाव लागलं होतं, आणि काकांना तो मान कशाहीपेक्षा मोठा वाटत होता.

तिसरी वाट माझ्या डोक्यात होती. पॉलिटेक्निकच्या लायब्ररीत अमेरिकन मोटारींची काही जुनी मासिकं होती. त्यांत मी हेडर पाहिले होते. एका ओतीव पेटीऐवजी प्रत्येक सिलेंडरला स्वतंत्र पाइप, सगळे एकाच लांबीचे, वळत वळत येऊन शेवटी एका नळीत मिळणारे. एकाचा धूर दुसऱ्याच्या वाटेत येत नाही, इंजिन मोकळं होतं. मी ते चित्र कितीदा बघितलं होतं. सहा पाइप अशा डौलाने वळले होते की ते यंत्राचा भाग वाटायचेच नाहीत.

चार दिवस बसून मी ड्रॉइंग काढलं. प्रत्येक पाइप बरोबर छत्तीस इंच. पातळ पाइप घेतला, कारण तो वळायला सोपा आणि हलका. आयुष्यात पहिल्यांदा रेघा माझ्या स्वतःच्या होत्या.

जेवताना मी ते अण्णांसमोर ठेवलं. त्यांनी ताट बाजूला सरकवलं आणि बराच वेळ बघितलं.

"गरम झाल्यावर हे जाणार कुठे?" त्यांनी विचारलं.

"मागे. सायलेंसरमधून," मी म्हटलं. मला वाटलं, ते धुराबद्दल विचारताहेत.

अण्णांनी मान हलवली आणि ताट पुढे ओढलं.

बशीरभाईंनी आणि मी तो हेडर तीन आठवड्यांत केला. मी दुकानातून सुटले की पाच वाजता तिथे पोचायचे. क्षिप्रेची वाळू कढईत भाजून कोरडी करायची, पाइपात ठासून भरायची, दोन्ही टोकांना लाकडी बुचं मारायची. मग भट्टीत लाल करून वळवायचा, म्हणजे पाइप पिचकत नाही. बशीरभाई वळवायचे आणि मी पुठ्ठ्याचा नमुना लावून बघायचे. "बस, बस, बिटिया, अब बोल," असं ते म्हणायचे, आणि मी "और थोडा" म्हणायचे. ते हसायचे. त्यांच्याकडे तीस वर्षांत कोणी पुठ्ठ्याचा नमुना आणला नव्हता.

बसवल्यावर इंजिन सुरू केलं. जुनी घरघर गेली होती. एकसारखा, भरलेला, उंच आवाज. समोरच्या पंक्चरवाल्याने डोकं बाहेर काढलं. विष्णूदादाने अॅक्सिलरेटर दाबला तसा तो आवाज असा चढला की माझ्या अंगावर काटा आला. काकांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "पागेवाल्यांकडे आता खरा घोडा आला," ते म्हणाले.

पंधरा दिवस हत्ती सुरेख चालला. लहानसहान गाड्या ओढल्या. मग जानेवारीत मक्सी रोडवर सोयाबीनचा भरलेला ट्रक रस्त्याखाली उतरला. काका आणि विष्णूदादाबरोबर मीही गेले. रविवार होता.

ते काम वेगळं होतं. चाकं दांड्यापर्यंत काळ्या मातीत रुतलेली. विंच लावला आणि इंजिन पूर्ण ताकदीवर चालू ठेवलं. दहा मिनिटं, वीस मिनिटं. ट्रक इंचइंच वर यायला लागला. बॉनेटच्या फटीतून मला पाइप लाल झालेले दिसत होते. अर्ध्या तासाने एक वेगळाच आवाज आला, शिट्टीसारखा, आणि पाठोपाठ फटाके फुटल्यासारखा तडतडाट. तिसऱ्या पाइपचा जोड उघडला होता. त्यातून ज्वाळ बाहेर येत होती.

विष्णूदादाने इंजिन बंद करायची तार ओढली. तार तुटून हातात आली. ती माझ्या लांबलचक पाइपांच्या शेजारून जात होती आणि जळून गेली होती. त्याने बॉनेट उघडलं, हात आत घातला आणि डिझेलच्या पंपाचा दांडा हाताने बंद केला. इंजिन थांबलं. त्याचा उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत भाजला होता.

गर्दी जमलीच होती. "लडकी ने बनाया था," कोणी तरी म्हणालं. काका पुढे आले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले, "गलती हमारी है. हमने बच्ची पर छोड़ दिया."

ते मला वाचवायला बोलले होते. पण मला ते वाक्य किती तरी वर्षं झोंबत राहिलं.

दुसऱ्या दिवशी मी दुकानात गेले नाही. विष्णूदादाच्या घरी गेले. भैरवगढला, छिप्यांच्या, म्हणजे कापड छापणाऱ्यांच्या, गल्लीत तो राहायचा. दोरीवर छापलेल्या चादरी वाळत होत्या, त्यांच्याखालून वाकून जावं लागलं. तो बाजेवर बसला होता, हाताला पांढरं बँडेज. मी काय बोलायचं ते ठरवून गेले होते, पण दारातच मला रडू आलं.

"अगं, बस," तो म्हणाला. "हात आहे ना जागेवर." त्याच्या बायकोने मला पाणी दिलं. ती माझ्याकडे न बघता आत गेली, आणि ते बरोबरच होतं.

"दादा, तार मी बघायला पाहिजे होती."

"पाहिजे होती," तो म्हणाला. "आता बघशील."

मी घरी आले आणि सगळी ड्रॉइंगं गुंडाळून माळ्यावर टाकली. आईला सांगितलं की धारचं जे स्थळ आलंय त्यांना कळव. आई चमकली. तिला आनंद व्हायला हवा होता, पण झाला नाही. ती आत गेली आणि अण्णांशी काही तरी बोलली.

सकाळी अण्णा पायात बूट घालून तयार होते. दोन वर्षांत मी त्यांच्या पायात चपलेखेरीज काही पाहिलं नव्हतं.

"चल," ते म्हणाले.

"कुठे?"

"शेडवर."

फाटकावरच्या माणसाने अण्णांना ओळखलं आणि आत सोडलं. आत शेवटची तीन-चार इंजिनं उभी होती, भंगारात जायची वाट बघत. गंज चढलेली, थंड. अण्णा एकाच्या पुढच्या भागावर चढले, तिथलं गोल दार जोर लावून उघडलं आणि मला वर बोलावलं. आत काजळी होती आणि एक जाड नळी होती, वरून खाली येणारी. सरळ नव्हती. मध्ये कोपरासारखी वाकलेली.

"ही अशी वाकडी का केली असेल?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं, जागा नसेल.

"जागा भरपूर आहे. लोखंड तापलं की वाढतं. दोन्हीकडून आवळून धरलेली सरळ नळी तापली तर ती जाणार कुठे? कुठे तरी फुटणार. वाकडी असली की थोडी इकडेतिकडे हलते, आणि वाचते."

मला एकदम जेवणाच्या ताटाशी विचारलेला तो प्रश्न आठवला. धुराबद्दल नव्हताच तो. माझे पाइप वळलेले होते, पण सहाही एका बाजूला इंजिनच्या पट्टीला आणि दुसऱ्या बाजूला एकमेकांना घट्ट वेल्ड केलेले, हलायला जागाच नव्हती.

"तुम्ही तेव्हाच नीट सांगितलं का नाही?" मी जवळजवळ ओरडले.

अण्णा खाली उतरले आणि रुळावर बसले. "सांगायला पाहिजे होतं. तुझ्या रेघा फार चांगल्या होत्या सुलू. मला वाटलं, नव्या विद्येत ह्याची काही तरी सोय केलेली असेल. आणि मला वाटलं, आपण आता काय बोलायचं."

मग त्यांनी जे सांगितलं ते घरात कोणालाच मालूम नव्हतं. एकसष्ट साली, नोकरीला तीन वर्षं झालेली असताना, त्यांनी एका इंजिनची वाफेची नळी घाईत बसवली. थोडी आखूड होती, ती त्यांनी बोल्ट आवळून ओढून जुळवली. चालू इंजिनवर तो जोड सुटला. फायरमनच्या मानेवर आणि पाठीवर वाफ आली. त्याचं नाव गोपाळकृष्ण. तो वाचला. चौकशीत जुना जोड असं लिहिलं गेलं आणि अण्णांचं नाव कुठेच आलं नाही.

"मी त्याला भेटायला गेलो नाही," अण्णा म्हणाले. "आधी धीर झाला नाही, मग उशीर झाला. त्याची बदली झाली. तू दुसऱ्याच दिवशी विष्णूकडे गेलीस. तुझी आई म्हणाली मला. मी विचार करत होतो, चोवीस वर्षांच्या पोरीला जे जमलं ते मला तीस वर्षांत जमलं नाही."

मी त्यांच्या शेजारी बसले. विचारलं, "ते आता कुठे असतात?"

"नागद्याला. मुलाकडे."

त्याच आठवड्यात आम्ही पॅसेंजरने नागद्याला गेलो. गाडीभर अण्णांनी खिडकीबाहेर पाहिलं. गोपाळकृष्णकाका अंगणात मेथी निवडत बसले होते. गोरे, टक्कल पडलेले, मानेच्या एका बाजूची कातडी सुरकुतून चकाकणारी. त्यांनी अण्णांना दोन क्षणांत ओळखलं.

अण्णांनी उभ्या उभ्याच सांगून टाकलं. नळी मी बसवली होती, आखूड होती, मला मालूम होतं.

गोपाळकृष्णकाका बराच वेळ मेथीच्या काड्या बाजूला करत राहिले. "मला तेव्हाच कळलं होतं," ते म्हणाले. "त्या दिवशी तिथे ड्यूटी तुझीच होती. दोन-तीन वर्षं मी तुला फार शिव्या दिल्या. तू येशील असं वाटायचं." मग म्हणाले, "बस. उभा का आहेस?"

त्यानंतर सुनेने पोहे आणले, आणि दोघांत वाद सुरू झाला तो त्या इंजिनच्या नंबरावरून. अण्णा एक नंबर सांगत, ते दुसरा. कुठल्या इंजिनची शिट्टी फाटलेली होती, कुठलं पावसात घसरायचं. परतीची गाडी चुकली आणि आम्ही पुढच्या गाडीने आलो. स्टेशनबाहेर पडताना अण्णा म्हणाले, "नंबर माझाच बरोबर आहे." बस, एवढंच.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कॉटखालची पेटी ओढली.

माणिककाकांची समजूत घालायला मात्र वेळ लागला. फाउंड्रीचं काम मेळ्याआधी होणार नव्हतं, तरी ते पुन्हा पाइपांचं नाव काढू देत नव्हते. शेवटी विष्णूदादाच म्हणाला, बँडेज बांधलेला हात गळ्यात अडकवून, "गाडी मला चालवायची आहे ना? मग सुलूकडूनच करून घ्या. आता ती तार बघितल्याशिवाय राहणार नाही."

ह्या वेळी निवड करताना मी मासिक उघडलं नाही. इंजिनकडे बघितलं. हा काही शर्यतीचा घोडा नव्हता. हळूहळू, तासन् तास, पूर्ण ओझ्याखाली काम करणारं जनावर होतं. शिवाय हवा पंपाने कोंबलेली, त्यामुळे पाइपांच्या लांबीचा फार मेळ घालण्यात मोठा फायदाही नव्हता. त्याला हवी होती रुंद आणि आखूड वाट, आणि आग सोसणारं जाड लोखंड. अण्णांनी पाइप सुचवला तो बॉयलरचा, जाड भिंतीचा. तो भंगारात मिळाला. इंजिनला लागणारी पट्टी मी दुप्पट जाड घेतली आणि बोल्टांची भोकं किंचित लांबट ठेवली, म्हणजे पट्टी तापली की सरकेल. आणि सगळ्यात मुख्य, सहाच्या सहा तोंडांचा एक तुकडा करण्याऐवजी आम्ही तीन तुकडे केले. दोन-दोन सिलेंडरांचा एक. एका तुकड्याची नळी दुसऱ्याच्या नळीत, आणि शेवटची सायलेंसरच्या नळीत, नुसती शिरवलेली, वेल्ड न करता, आत सरकायला जागा ठेवून.

"इधर से धुआँ निकलेगा," बशीरभाई म्हणाले.

"आठ दिन निकलेगा," अण्णा म्हणाले. "फिर काजल खुद भर देगा."

दोघांचं चांगलं जमलं. अण्णा कानस घेऊन एक नळी दुसरीत बसवायचे, फिरवून बघायचे, पुन्हा घासायचे. मी बंद करायची तार इंजिनच्या दुसऱ्या अंगाने नेली आणि तिच्यावर पत्र्याचा आडोसा केला. मार्चमध्ये हेडर बसला. दिसायला ओबडधोबड होता. आवाजही पहिल्यासारखा नव्हता, जाड आणि दबका. काका एकदा ऐकून टायरांची हवा तपासायला गेले.

सिंहस्थाच्या एका मोठ्या स्नानाच्या आदल्या दिवशी, सकाळी नऊच्या सुमाराला, देवास रोडवर यात्रेकरूंची बस पुलाच्या कडेवरून घसरली. माणसं सुखरूप उतरली होती, पण बसचं अर्धं धूड रस्त्यावर आडवं होतं आणि मागे दोन-तीन मैल गाड्या थांबलेल्या. हत्तीला बोलावणं आलं. आम्ही सगळेच गेलो.

निघण्याआधी अण्णांनी एक काम केलं. जिथे एक नळी दुसरीत शिरत होती तिथे, आतल्या नळीवर, बाहेरच्या नळीच्या काठाला लागून, खडूने एक उभी खूण काढली.

बस ओढायला दीड तास लागला. इंजिन सगळा वेळ पूर्ण ताकदीवर. मी बॉनेटजवळून हलले नाही. पाइप आधी काळे, मग तपकिरी, मग गर्द लाल झाले. जोडांतली काजळी सुटून धुराची बारीक रेघ येत होती. विष्णूदादा कॅबमधून मला सारखा विचारत होता, "ठीक?" आणि मी हात वर करत होते. अण्णांनी माझ्या खांद्याला धरून खाली वाकवलं. "बघ." खडूची उभी खूण नळीच्या काठाखाली गडप झाली होती. लोखंड सूतभर, म्हणजे इंचाच्या आठव्या भागाइतकं, आत सरकलं होतं. फुटलं काहीच नव्हतं.

बस वर आली. थांबलेली माणसं टाळ्या वाजवायला लागली, कोणी जयजयकार केला. विष्णूदादाने इंजिन बंद केलं, तार ओढूनच. काका माझ्याकडे आले. मक्सी रोडवर बोलले होते तसंच, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "हे सुलूने बनवलंय. अण्णाच्या मुलीने." मराठीतच बोलले, त्यामुळे समजलं चार माणसांनाच. मला तेवढी पुरली.

मेळ्याच्या महिन्यात हत्तीने सतरा गाड्या ओढल्या. जूनमध्ये मला पीथमपूरच्या एका कारखान्यातून मुलाखतीचं पत्र आलं. तिथे नवनवे कारखाने उभे राहत होते आणि माणसं हवी होती. तुम्ही स्वतः काय बनवलंय, असं त्यांनी विचारलं. मी जो टिकला त्याच्याबद्दल थोडंच बोलले. जो फुटला त्याच्याबद्दल वीस मिनिटं बोलले, विष्णूदादाच्या हातासकट. मला घेतलं. धारच्या स्थळाला आईने काय कळवलं ते मी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही.

अण्णा त्यानंतर सहा वर्षं रोज सकाळी आगर रोडला जात राहिले. बशीरभाईंच्या छपरात त्यांची एक खुर्ची होती. पेपर तिथेच न्यायचे, पण म्हणे कधी अर्ध्याच्या पुढे जायचे नाहीत. नागद्याला वर्षातून एकदा जायचे. अठ्ठ्याण्णव साली अण्णा वारले, तेव्हा गोपाळकृष्णकाका आले होते. मला जवळ घेऊन म्हणाले, "नंबर त्याचाच बरोबर होता. त्याला सांगायचं राहून गेलं."

पुढे हायड्रॉलिक क्रेन आल्या आणि हत्तीला काम राहिलं नाही. काकांनी तो विकला. बडनगरकडच्या एका गिट्टीच्या खाणीवाल्याने घेतला, आणि ट्रक मोडून नुसतं इंजिन दगड फोडायच्या क्रशरला जोडलं. मी तेव्हा पीथमपूरलाच होते. बशीरभाईंचा फोन आला.

"बिटिया, कल देख के आया. पाइप वही है, अपने वाले. एक जोड़ से थोड़ा धुआँ दे रहा है."

"कौन से से?" मी विचारलं.

"वो तो देखा नहीं."

"पीछे वाला होगा," मी म्हटलं. "त्या दिवशी अंधार पडायला आला होता, अण्णांनी तो घाईत घासला होता."

मी मराठीत बोलले हे माझ्या लक्षात आलं नाही. बशीरभाई मात्र लगेच म्हणाले, "नहीं नहीं, पीछे वाला तो मैंने घिसा था. अण्णाजी का बीच वाला था." आणि मग आम्ही एसटीडीवर पाच मिनिटं भांडत राहिलो, कुठला जोड कोणी घासला होता त्यावरून.